यांच्यात लक्ष्या कोण?

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत दोन विषयांवर आजवर एकमत झालेलं नाही. पाण्याच्या टाक्या कधी धुवायच्या, हा एक. गच्चीवर सिनेमा कुठला लावायचा, हा दुसरा. टाक्या अजून तशाच आहेत. सिनेमा मात्र गेल्या शनिवारी लागला, कारण ज्यांच्या भाच्याचा प्रोजेक्टर त्यांची आवड, असा ठराव कमिटीनं 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली मंजूर करून टाकला होता. भाचा एकोणीस वर्षांचा. त्यामुळे लागला 'बडे मियाँ छोटे मियाँ'. 1998 चा नव्हे, 2024 चा.

नोटीस बोर्डावर सेक्रेटरींनी स्वहस्ते लिहिलं होतं : 'ॲक्शन-कॉमेडी. विजोड जोडीची धमाल. सर्वांनी सहकुटुंब यावे. खुर्ची आपापली.' त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं विचारलं होतं, 'चेअरमन-सेक्रेटरींवर आहे का?' ते वाचून दोघांपैकी एकही हसला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साडेआठची वेळ होती म्हणून सव्वानऊला सिनेमा सुरू झाला. पडदा म्हणजे सी विंगच्या काकूंची पांढरी डबल बेडशीट. तिच्या उजव्या कोपऱ्यात धुऊनही न गेलेला हळदीचा डाग होता. त्यामुळे टायगर श्रॉफ उजवीकडे सरकला की त्याला कावीळ व्हायची. पुढे चटया, त्यावर पोरं. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यावर गुडघेदुखी. सगळ्यात मागे टाकीला टेकून उभे राहिलेले, ज्यांना सिनेमा बघायचा नव्हता पण मत द्यायचं होतं. कडेला महिला मंडळाचा साबुदाणा वड्यांचा स्टॉल.

सिनेमाची गोष्ट सांगत नाही. सांगण्यासारखी असती तर सिनेमातच सांगितली असती. दोन माजी सैनिक, फ्रेडी आणि रॉकी. समोर मुखवटा घातलेला खलनायक. दिग्दर्शक अली अब्बास जफर, शूटिंग पार स्कॉटलंड-जॉर्डनपर्यंत जाऊन केलेलं, खर्च साडेतीनशे कोटींच्या घरात गेल्याच्या बातम्या त्या वेळी छापून आल्या होत्या. 11 एप्रिल 2024 ला, ईदच्या मुहूर्तावर, चित्र लागलं आणि काही दिवसांत उतरलं. आमच्या गच्चीवर ते फुकट होतं, म्हणजे अपेक्षा रास्त होत्या.

पाऊण तास झाला. चार इमारती, तेवढ्याच गाड्या आणि एक हेलिकॉप्टर एवढ्यांचा निकाल लागला असावा. एक स्फोट संपून दुसरा व्हायच्या मधल्या शांततेत पहिल्या रांगेतून ए विंगच्या आजींचा आवाज आला. वय वर्षं ब्याऐंशी, खुर्चीत उशी, मांडीवर वड्याची ताटली.

"अरे बाळांनो, यांच्यात लक्ष्या कोण?"

गच्ची हसली. मग गप्प झाली. कारण उत्तर कुणालाच देता येईना. भाचा म्हणाला, "आजी, दोघंपण हीरो आहेत." आजी म्हणाल्या, "ते दिसतंय. मी लक्ष्या विचारतेय."

आणि तेवढ्यात लाइट गेली.

खरा सिनेमा इथून सुरू झाला. पनवेलकर उजेडात मत देतो ते शेजारच्याकडे बघून देतो. अंधारात मात्र तो खरं बोलतो, कारण कोण बोललं ते सोसायटीच्या मिनिट्समध्ये येत नाही. डास चावत होते, ओडोमॉसची ट्यूब हातोहात फिरत होती, स्टेशनकडून लोकलचा भोंगा ऐकू येत होता, आणि पंचवीस मिनिटं निव्वळ मतं चालली होती.

पहिलं मत सेक्रेटरींचं. "डोकं बाजूला ठेवून बघायचा पिक्चर आहे." हे वाक्य मी गेली वीस वर्षं ऐकतो आहे आणि मला दर वेळी एकच प्रश्न पडतो. बाजूला म्हणजे कुठे? मॉलमध्ये शिरताना पाण्याची बाटली काढून घेतात, वेफर्सचं पाकीट काढून घेतात, त्याच टेबलावर डोकंही जमा करून घ्यावं, बिल्ला द्यावा, निघताना परत करावं. आमच्या सेक्रेटरींनी एकदा असंच बाजूला ठेवलं होतं, ते बहुधा घरी न्यायचं राहिलं. लिफ्टच्या दुरुस्तीचं टेंडर त्यानंतर निघालं.

दुसरं मत चेअरमनचं. "वन टाइम वॉच आहे." एकदा बघायला हरकत नाही, याचा पनवेली अर्थ असा, की मी बघितला, आता तुम्हीही भोगा. हे मत मुंज-बारशाच्या जेवणाला लागू पडतं, भाडेकरूला लागू पडतं आणि सिनेमालाही. हरकत कशालाच नसते. हरकत असायला मत असावं लागतं.

तिसरं माझ्या भाचीचं. ती अकरावी सायन्सला आहे. "मामा, दोघांच्यात केमिस्ट्रीच नाहीये." केमिस्ट्रीत तिला स्वतःला पस्तीस पडले आहेत, त्यामुळे हे मत तज्ज्ञाचं नव्हे. पण चुकीचंही नव्हे.

चौथं बायकोचं. तिनं सांगितलं, इतक्या आवाजातही झोप लागली म्हणजे सिनेमात काहीतरी असलं पाहिजे.

पाचवं मत टाकीजवळून आलं आणि त्यानंतर बाकीच्यांनी तोंड मिटलं. बी विंगचे कंडक्टरकाका. एसटीत पस्तीस वर्षं, त्यातली बहुतेक पनवेल डेपोला. अलिबाग, पेण, महाड, सगळ्या रस्त्यांवर तिकिटं फाडलेली.

"ही जोडीच नाय," काका म्हणाले. "दोघंपण ड्रायवर. तिकीट कोण फाडणार?"

कुणीतरी म्हणालं, काका, समजावून सांगा. काकांनी सांगितलं, आणि हे मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे.

"ड्रायवर बोलत नाय, कंडक्टर गप बसत नाय. ड्रायवरला पुढचा रस्ता दिसतो, मला मागची मानसं दिसतात. साठ जनांचा जीव त्याच्या हातात, पन घंटीची दोरी माझ्या हातात. एक घंटी दिली का त्याला थांबायलाच लागतं. दोन दिल्या का निघायलाच लागतं. त्याला वाटतं गाडी मी चालवतो. मला वाटतं मीच चालवतो. वडखळपर्यंत भांडान. वडखळला च्या. च्या झाला का परत भांडान. ही जोडी. आनि हे दोघं बघा. दोघांना स्टेअरिंग पायजे. दोघंपन पुढच्या काचेतून बघतात. मागं पॅसेंजर उतरून गेला तरी पत्ता नाय."

मागच्या खुर्च्यांवरचे पॅसेंजर खरंच उतरून गेले होते. पुढे दिवे आले तेव्हा ते दिसलं.

विजोड जोडीवर यापेक्षा नेमकं मी कुठल्या समीक्षकाकडून वाचलेलं नाही. आणि हे शास्त्र काकांनी हॉलिवुडकडून घेतलेलं नाही. आपल्याकडे ते गवळणीपासून आहे. तमाशात कृष्ण येतो तो पेंद्या बरोबर घेऊन येतो. कृष्णाला देवत्व आहे, बासरी आहे, अडवायला गवळणी आहेत. पेंद्याला काहीच नाही. त्याच्या वाट्याला बोबडं बोलणं, लंगडं चालणं आणि मावशीच्या शिव्या. पण हशा पेंद्याचा. दोन कृष्ण एकदम आले तर गवळणी घरी जातील, मथुरेचा बाजार ओस पडेल, आणि फडमालकाला तिकिटाचे पैसे परत द्यावे लागतील.

चिं. वि. जोशींनी हेच छापलं. चिमणराव आणि गुंड्याभाऊ. एक काडीपैलवान, भित्रा, पण डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेला. दुसरा खरोखरीचा पैलवान गडी, आधी हात मग विचार. मास्टर विनायकांनी 1940 साली 'लग्न पहावे करून' काढला तेव्हा दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी पडद्यावर आली. पुढे सत्तरच्या दशकाअखेर दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले आणि ज्या घरात टीव्ही होता त्या घरात अख्खी चाळ बसू लागली. गुंड्याभाऊच्या अंगात ताकद आहे म्हणून ॲक्शन. चिमणरावाच्या अंगात ती नाही म्हणून कॉमेडी. दोघांना व्यायामशाळेत घालून सारखे करा, मग बघा कोण हसतं.

आता हॉलिवुड. तिकडेही फॉर्म्युला वेगळा नाही. '48 अवर्स' 1982 चा : पोलीस आणि त्याला दोन दिवसांसाठी सोडवून दिलेला कैदी. 'लीथल वेपन' 1987 चा : निवृत्तीची स्वप्नं बघणारा संसारी पोलीस आणि जिवावर उदार झालेला दुसरा. 'द हिटमॅन्स बॉडीगार्ड' 2017 चा : मारेकरी आणि त्यालाच सांभाळायचं कंत्राट घेतलेला अंगरक्षक. दोघांना एकमेकांचा जाच व्हावा आणि मधे उतरता येऊ नये, एवढंच. हार्बरला पनवेलहून सीएसएमटीपर्यंत चौथ्या सीटवर बसून गेलेल्या माणसाला हे शिकवायला हॉलिवुड लागत नाही. सव्वा तासाचा सिनेमा रोज सकाळी होतो. ॲक्शन कुर्ल्याला.

हिंदीवाल्यांनी हे सगळं उचललं आणि बऱ्याचदा नीट उचललं. 1994 चा 'मैं खिलाडी तू अनाडी' आठवा. मूळ अमेरिकन 'द हार्ड वे', पण इथे आल्यावर रापलेला. त्यात अक्षय कुमारच पोलीस आहे. इन्स्पेक्टर करण जोगळेकर. जोगळेकर! पनवेलमध्ये मी जे जोगळेकर पाहिले आहेत त्यांतला एकही असा दिसत नाही, फार तर एक जण सकाळी वडाळे तलावाला दोन फेऱ्या मारतो. पण आम्हाला ते खपलं. का खपलं? सैफ अली खाननं त्यात नट्टापट्टा करणारा, पोलीस व्हायची हौस असलेला, वेंधळा नट मुकाट्यानं केला. अनाडी कोण ते शीर्षकातच ठरलेलं होतं. भांडण नव्हतं.

मग 2000 चा 'हेरा फेरी'. तिथेही अक्षय कुमार आणि बरोबर बाबूराव गणपतराव आपटे. हिंदीवाल्यांची जोडी जमेना की ते मराठी आडनाव शोधायला निघतात, असा माझा आरोप आहे. जोगळेकर झाले, आपटे झाले. रानडे अजून शिल्लक आहेत.

आणि 1998 चा 'बडे मियाँ छोटे मियाँ'. डेव्हिड धवनचा. 16 ऑक्टोबरला लागला, त्याच दिवशी शेजारच्या टॉकीजला 'कुछ कुछ होता है' लागला. अमिताभ छप्पन्न वर्षांचा, गोविंदा भरात. दोघांचे डबल रोल : दोन पोलीस, दोन चोर. त्या वेळी थिएटरबाहेर एकच मत ऐकू यायचं, "गोविंदानं खाल्ला." बरोबर होतं ते. पण अमिताभनं खाऊ दिला, हे कुणी म्हणालं नाही. उंचीनं, वयानं, नावानं मोठा माणूस छोट्याला पुढे करून स्वतः मागे उभा राहिला. नावातला 'बडे' शब्द त्यानं तिथे कमावला.

आता 2024 कडे या. नाव तेच. मोठा कोण, छोटा कोण? अक्षय कुमार उडी मारतो, टायगर श्रॉफ उडी मारतो. हा दहा जणांना लोळवतो, तोही दहा जणांना लोळवतो. याला एक शॉट स्लो मोशनमध्ये, की लगेच त्यालाही एक. जणू दोघांच्या सेक्रेटरींनी कटिंगच्या टेबलाशी वजनकाटा घेऊन बसावं. विनोद आहेत, पण तेही वाटून घेतलेले, शेताच्या बांधासारखे. आणि गंमत अशी, की या सिनेमातला खलनायक माणसांच्या क्लोनच्या मागे लागलेला आहे. क्लोन म्हणजे एकासारखा हुबेहूब दुसरा. त्याला इतका खटाटोप करायची गरजच नव्हती. समोर दोन तयार उभे होते.

अक्षय कुमारला कॉमेडी येत नाही असं कुणी म्हणू नये. वर दोन पुरावे दिले. टायगरला उडी येत नाही असंही कुणी म्हणू नये. येत काय नाही, तर छोटं होता येत नाही. ज्याच्या पोस्टरवरच्या चेहऱ्याचा आकार करारात लिहिलेला असतो, त्यानं चिखलात पडायचं कसं?

पंचवीस मिनिटांनी दिवे आले. बेडशीटवर टायगर पुन्हा कावीळ होऊन अवतरला. खुर्च्यांपैकी निम्म्या रिकाम्या. भाच्यानं रिमोट धरून विचारलं, "पुढे चालू ठेवू का?" या प्रश्नाला जे उत्तर मिळालं ते कुठल्याही समीक्षेपेक्षा मोठं होतं. कुणीच काही बोललं नाही. एक जण म्हणाला, "वडे आहेत का अजून?"

नव्हते. महिला मंडळानं एकशे वीस वडे केले होते. लाइट जाण्याआधीच शंभर संपले होते, म्हणजे सिनेमा चालू असताना. हे ऐकून डी विंगच्या अण्णांनी मान हलवली. अण्णा सत्तरीच्या पुढचे, जुन्या पनवेलातले. ते म्हणाले, "मग पिक्चर गेला. 'शोले'च्या वेळी उलटं झालं होतं."

'शोले'चं नाव निघालं की पनवेलमध्ये सावध राहावं लागतं. त्यातला आगगाडीवरचा दरोडा पनवेलजवळच्या रुळांवर चित्रित झाला, सात आठवड्यांहून जास्त काळ ते शूटिंग चाललं, हे खरं. पण साठी ओलांडलेला प्रत्येक पनवेलकर सांगतो की तो तिथे हजर होता. ते सगळे खरोखरच हजर असते तर डाकूंना घोडे लावायला जागा उरली नसती. कुणी गब्बरला चहा दिला होता म्हणतो. गब्बर त्या प्रसंगात नाहीच. एकानं तर मला सांगितलं, "रामगड म्हणजे आपलं पलीकडचं गाव." रामगड कर्नाटकातलं, बंगळुरूजवळ रामनगरला उभारलेलं. पण पनवेलकराला पुरावा देऊन उपयोग नसतो.

एवढं मात्र मान्य केलं पाहिजे, की विजोड भिडूंची हिंदीतली सर्वांत गाजलेली ओळख आमच्या हद्दीतल्या रुळांवर झाली. मालगाडी, हातकड्या घातलेले दोन चोर आणि त्यांना घेऊन जाणारा कडक इस्त्रीचा इन्स्पेक्टर. डाकू येतात, हातकड्या सुटतात, तिघं एकत्र लढतात. जय कमी बोलतो, वीरू थांबत नाही. ड्रायव्हर आणि कंडक्टर. कंडक्टरकाकांचं शास्त्र पुन्हा बरोबर. जखमी ठाकूरला सोडून पळायचं की दवाखान्यात न्यायचं, हे नाणं उडवून ठरतं. पुढच्या गोष्टीत गब्बर, बसंती, टाकी वगैरे आहे, पण पाया इथला.

आणि प्रेक्षकांच्या मतांबद्दल बोलायचं तर 'शोले'इतकी फजिती दुसऱ्या कुठल्या सिनेमानं केलेली नाही. 15 ऑगस्ट 1975 ला लागला. समीक्षकांनी झोडपला, एकानं तर विझलेला निखारा ठरवून टाकला. धंद्यातले लोक म्हणाले, आपटला. निर्माते इतके हादरले की जयला जिवंत ठेवणारा शेवट पुन्हा चित्रित करावा का, यावर खल झाला. थिएटरात प्रेक्षक टाळ्या वाजवत नव्हते, शिट्ट्या मारत नव्हते, नुसते बसून होते. याचा अर्थ लागेना. असं सांगतात की तो अर्थ वरळीच्या गीता टॉकीजच्या मालकानं लावला. तो रमेश सिप्पींना म्हणाला, पिक्चर चालणार, कारण माझ्याकडची आइस्क्रीम आणि थंड पेयं खपत नाहीत. मध्यंतरात लोक जागचे उठतच नाहीत. पुढे मिनर्व्हाला तो पाच वर्षं चालला. त्या वर्षीच्या फिल्मफेअरवाल्यांचंही मत बघा : 'शोले'ला एकच बाहुली, संकलनाची, आणि ती माधव शिंदेंना. बाकी परीक्षकांना काही दिसलं नाही. कापाकापी मराठी माणसाला चांगली जमते, एवढं त्यांना पटलं.

म्हणजे बघा, मतं मोजायचं खरं यंत्र कँटीनमध्ये असतं. 'शोले'ला आइस्क्रीम वितळलं. आमच्याकडे पाऊण तासात शंभर वडे उडाले. मल्टिप्लेक्सवाले पॉपकॉर्नच्या बादलीचे इतके पैसे का लावतात ते मला आत्ता कळलं. सिनेमा जितका पडेल, तितकी बादली खपणार. नुकसान भरपाई आहे ती.

अण्णांचं झालं आणि पुन्हा आजींचा आवाज आला. त्यांचा प्रश्न तसाच उभा होता. "म्हणजे लक्ष्या नाहीच ना यात?"

आजींनी विचारलं ते म्हातारपणीच्या विसराळूपणानं नव्हे. महाराष्ट्रात चाळीस वर्षं विजोड जोडीचं माप हेच आहे. महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे. 1985 चा 'धूमधडाका', 1987 चा 'दे दनादन', मग 'थरथराट', 'धडाकेबाज', 1993 चा 'झपाटलेला'. टकलू हैवान, कवट्या महाकाळ, तात्या विंचू असले खलनायक, ज्यांच्या नुसत्या नावावर पोरं हसावीत आणि रात्री लाइट चालू ठेवून झोपावीत. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांचा आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. तेच प्रभावळकर, ज्यांचा चिमणराव झुरळाला घाबरला असता.

आता जरा हिशेब करा. या सिनेमांचा दिग्दर्शक महेश कोठारे. बऱ्याच वेळा निर्माताही तोच. हीरोही तोच. कॅमेरा त्याचा, कात्री त्याची, पैसा त्याचा. त्यानं ठरवलं असतं तर प्रत्येक हशा स्वतःकडे ठेवता आला असता. मग त्यानं स्वतःला काय दिलं? रुबाब, मारामारी आणि एक 'डॅम इट'. टाळ्या, शिट्ट्या, हशा, सगळं लक्ष्याला. आणि लक्ष्यानं त्या बदल्यात काय केलं? मार खाल्ला, घाबरला, पळाला, तोंडावर पडला, पुन्हा उठला. बाहुल्यानं त्याला दम दिला तेव्हा तो बाहुल्याला खरोखर घाबरला, म्हणून आपणही घाबरलो. बेर्डे जाऊन, डिसेंबर 2004 पासून, दोन दशकं उलटली. तरी ब्याऐंशी वर्षांची बाई स्कॉटलंड-जॉर्डनचं शूटिंग बघताना त्यालाच शोधते.

साडेतीनशे कोटींत हेलिकॉप्टर येतं, वाळवंट येतं, क्लोन येतात. लक्ष्या येत नाही, कारण तो भाड्यानं मिळत नाही. दोघांपैकी एकानं व्हायला लागतं.

माझं मत विचाराल तर सिनेमा वाईट नाही, अर्धवट आहे. जोडीच्या सिनेमात त्यांनी जोडीतला एकच माणूस घेतला आणि तो दोनदा घेतला.

आता सोसायटीची बातमी. येत्या शनिवारचा सिनेमा ठरवायला मंगळवारी तातडीची बैठक झाली. भाच्यानं आणखी एका स्फोटांच्या सिनेमाचं नाव सुचवलं. अनुमोदक मिळाला नाही. कंडक्टरकाकांनी 'दे दनादन' सुचवला, आजींनी बसल्या जागेवरून अनुमोदन दिलं, ठराव एकमतानं मंजूर. सोसायटीच्या इतिहासातलं पहिलं एकमत. चेअरमन म्हणाले, त्यात लक्ष्या सेक्रेटरींसारखा दिसतो. सेक्रेटरी म्हणाले, आणि तुम्ही महेश कोठारेंसारखे मुळीच दिसत नाही. मग दोघंही हसले. टाक्या धुण्याची तारीखही त्याच ओघात ठरली.

वाचकांपैकी कुणी येणार असेल तर शनिवारी साडेआठला, म्हणजे सव्वानऊला यावं. वडे दोनशे करणार आहेत, पण ते उरतील असा अंदाज आहे. खुर्ची आपापली आणावी. आणि एक विनंती. 'दे दनादन'मध्ये लक्ष्याला अचाट शक्ती मिळते, पण लाल रंग दिसला की ती जाते. तेव्हा पुढच्या रांगेत कुणी लाल शाल पांघरून बसू नये.